बाहेरून येणारा दाब

आमच्या आयुष्याची छत्तीस वर्षे इंदूरच्या एका कापडगिरणीत, लँकेशायर बॉयलरच्या सहवासात गेली. गिरणी बंद पडली, बॉयलर भंगारात गेला. आता आमच्या विद्येला गिऱ्हाईक उरले नाही अशी आमची समजूत होती. ती गतवर्षी आमच्या नातवाने दूर केली. चिरंजीव सतरा वर्षांचे. त्यांनी भंगारबाजारात डिझेलच्या एका जुन्या टाकीला विसार देऊन ठेवला होता. व्यास सुमारे १ मीटर, लांबी अडीच, पत्रा ३ मिलिमीटरचा. तिची पाणबुडी करून तलावात उतरण्याचा त्यांचा बेत होता. सूनबाईंनी डोळ्यांना पदर लावला. आम्ही चष्मा लावला.

“आजोबा, कार्ल स्टॅन्ली या अमेरिकन मुलाने पंधराव्या वर्षी घरीच पाणबुडी करायला घेतली होती,” असा पुरावा आला. गोष्ट खरी आहे. पुढे होंडुरासच्या रोआतान बेटाजवळ तो पर्यटकांना स्वतः बांधलेल्या पाणबुडीतून खोल समुद्रात नेऊ लागला. “आणि तुमचा बॉयलर एवढी वाफ कोंडून धरी, मग माझी टाकी १० मीटर पाणी का नाही सोसणार?”

बॉयलरच्या कवचाला वाफ आतून रेटते. कवच किंचित वाकडे असले, तरी तो रेटा त्याला गोलच करू पाहतो. बाहेरच्या पाण्याचे वर्तन उलटे. पत्रा जिथे चपटा, तिथेच तो अधिक चेपतो. चेपला की चपटेपणा वाढतो, आणि मग सारे क्षणात संपते. हे आम्ही शिकलो तेही बॉयलरच्या पोटात. त्यात भट्टीच्या दोन नळ्या असतात. आत विस्तव, बाहेर पाणी आणि वाफ. म्हणजे ती नळी बुडालेल्या पाणबुडीसारखीच. पाणी कमी पडून तापलेली अशी एक नळी आत बसलेली आम्ही उमेदीच्या काळात पाहिली आहे. विल्यम फेअरबेर्नने १८५८ साली प्रयोगांनी दाखवले, की त्याच व्यासाची नळी जितकी लांब, तितकी कमी दाबाला चेपते. म्हणून भट्टीच्या नळीला ठराविक अंतरावर कडा वळवून सांधे देत, आणि म्हणूनच पाणबुडीच्या कवचाला कडी घालतात. सर्वांत बळकट आकार गोलाचा. त्याच जाडीच्या, त्याच व्यासाच्या नळकांड्यापेक्षा त्यात ताण निम्मा. पण गोलात पाय पसरता येत नाहीत, ही अडचण.

आम्ही तेलाच्या रिकाम्या डब्यात थोडे पाणी उकळवले, विस्तवावरून उतरवून झाकण घट्ट लावले आणि गार होऊ दिला. डबा धाडकन चुरगळला. चिरंजीव म्हणाले, “तो चौकोनी होता, माझी टाकी गोल आहे.” उत्तर चोख होते. तेव्हा टेप घेऊन आम्ही दोघे भंगारबाजारात गेलो. टाकीचा आडवा व्यास १०२ सेंटिमीटर भरला, उभा ९८. दाबपात्रांच्या नियमांत शेकडा एकाहून अधिक फरक सहसा चालत नाही. इथे चार होता. शिवाय तिला बुडवायलाच एकूण वजन दोन टनांच्या जवळ न्यावे लागले असते, आणि ६० सेंटिमीटरच्या झाकणावर १० मीटरखाली पावणेतीन टनांहून अधिक भार पडला असता.

परत येताना आम्ही त्यांना ‘टायटन’ची हकीकत सांगितली. तिचे नळकांडे कार्बन तंतूंचे होते. ते तंतू ओढ सोसण्यात पटाईत. दाब सोसणे निराळे. २०१९ साली स्टॅन्लीनेच तीत बसून तडकण्याचे आवाज ऐकले आणि तिच्या कर्त्याला लिहून सावध केले. १८ जून २०२३ रोजी ती पाच माणसांसह चिरडली गेली. चिरंजीव घरापर्यंत बोलले नाहीत. विसार बुडाला.

महिन्याने त्यांनी नवा नकाशा पुढे ठेवला. आम्ही एकच अट घातली: पहिली बुडी रिकामी. बीबी आणि बार्टन यांचा पोलादी गोल १९३२ साली असाच माणसांविना खोल सोडला होता, तो पाण्याने भरून वर आला. ते आत असते तर? सध्या ३० सेंटिमीटर व्यासाचे एक नळकांडे दोराने विहिरीत सोडणे चालू आहे. गेल्या रविवारी ते वर आले, तेव्हा आत वाटीभर पाणी होते. चिरंजीव झाकणाची रबरी कडी पुन्हा कापत बसले आहेत, आणि सूनबाई आम्हा दोघांशीही बोलत नाहीत.