घाटातली गळती

बालाघाटहून बैहरला येताना गांगुलपाऱ्यानंतर चढण लागते आणि गाडीची खरी परीक्षा तिथेच होते. मागच्या हिवाळ्यात शाळेच्या जीपमधून सात मुलांना घेऊन आम्ही परतत होतो. घाटात काटा लाल खुणेकडे सरकला, गोडसर वास सुटला. चालकदादा रेडिएटरचे झाकण उघडायला निघाले, तेव्हा आम्ही त्यांचा हात धरला. तापलेल्या इंजिनातले पाणी दाबाखाली असते, झाकण सैल होताच ते तोंडावर उसळते. मुलांना मागून आलेल्या बसमध्ये बसवून दिले आणि आम्ही इंजिन थंड होण्याची वाट पाहत थांबलो.

पालकांनी विचारले, रेडिएटर तर नवाच होता ना? होता. गळती ऑईल कूलरची होती. त्यात एका बाजूने तेल आणि दुसऱ्या बाजूने कूलंट वाहते. रबरी सील वर्षानुवर्षे तापून कडक होते व चिरते. आमचे नशीब की कूलंट बाहेर पडत होते. आतल्या आत फुटले असते तर तेल-पाणी एक होऊन दुधाळ झाले असते आणि इंजिनच बसले असते.

एका सज्जनांनी रेडिएटरमध्ये हळद टाकायला सुचवले. तिने बारीक छिद्र बुजते खरे, पण कूलरच्या अरुंद वाटाही बुजतात! सांडलेल्या कूलंटवर मात्र आम्ही माती टाकली. ते चवीला गोड, पण गुराढोरांना विषारी असते.

बिल विश्वस्तांपुढे ठेवले आहे. त्यात सीलपेक्षा मजुरी जास्त आहे, कारण तिथवर हात पोचायलाच मिस्त्रीचा दिवस गेला.