पात्याचे पाणी

भिलाईत लोखंड भेटते ते प्रचंड रूपात. 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून येथील पोलाद कारखाना उभा राहिला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि आज तेथून 260 मीटर लांबीचे जोडरूळ रवाना होतात. करार झाला तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात मोडत होता त्याची राजधानी नागपूर होती; मराठी माणसाला हा मुलूख तेव्हा परका वाटण्याचे कारण नव्हते. अशाच एका मराठी कुटुंबातले, रूळगिरणीत उमेदीची सारी वर्षे घालवून निवृत्त झालेले एक गृहस्थ गेल्या हिवाळ्यात घराच्या परसात वीतभर लांबीच्या एका पात्याशी झुंजत होते. डोळ्यांदेखत लक्षावधी टन पोलाद गेलेले. पण धार म्हणून जी वस्तू असते ती त्यांनी कधी घडवली नव्हती. रुळाच्या कडेला धार निघाली तर तो दोष ठरतो.

कारण घरगुती होते. पत्नीचे गुडघे गेले होते आणि जमिनीवर बसणे डॉक्टरांनी बंद केले होते. मराठी स्वयंपाकघरात जमिनीवर बसणे बंद होणे म्हणजे विळी बंद होणे, हे डॉक्टरांच्या ध्यानात येण्याजोगे नव्हते. विळीचे पाते स्थिर असते, तिचा पाट पायाखाली दाबलेला असतो, आणि दोन्ही हात मोकळे राहून भाजीला पात्याकडे नेतात. सुरीचे सारे उलटे: भाजी थांबते, पाते फिरते. पन्नास वर्षांची हातांची समजूत उलटी करायची म्हणजे पुन्हा लिहायला शिकण्यासारखेच. बाजारातल्या चकचकीत सुऱ्या आणून झाल्या. "ह्याला वजनच नाही," म्हणून त्या फळीवर गेल्या. मग बाई ओट्याकडे फिरकेनाशा झाल्या. भाजी कामवाली चिरू लागली, आणि घरात एक अबोला वस्तीला आला, ज्याचा भाजीशी फारसा संबंध नव्हता.

आठवडी बाजाराच्या कडेला भाता मांडून बसणाऱ्या लोहाराकडून गृहस्थांनी ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्याचे पाते घडवून घेतले, आणि पाणी मात्र देऊ नका, असे बजावले. लोहार हसला. पाणी न दिलेले पाते नेणारे गिऱ्हाईक त्याला बहुधा प्रथमच भेटले असावे. हाती आले ते एक काळेकुट्ट, घणाचे वण अंगावर वागवणारे, धारेच्या बाजूला काडेपेटीच्या काडीएवढे जाड धूड.

त्यावरचा काळा पापुद्रा कानशीचे दात खातो, म्हणून ते रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवले. सकाळी पापुद्रा बोटाने निघाला आणि खाली राखी धातू दिसला. मग कानस. कानस पुढे जाताना कापते. मागे येताना ती उचलायची, घासायची नाही. तिच्या दातांत किस अडकून पात्यावर ओरखडे उमटू नयेत म्हणून तिला खडू चोळायचा. हे सारे त्यांना प्रशिक्षणकाळात शिकवलेले होते, पण तेव्हा ते परीक्षेपुरते होते. आठ दिवस दुपारी परसात एकच आवाज चालू होता. धार पूर्ण काढायची नव्हती; ती मिलिमीटरभर जाड ठेवायची, नाहीतर पाणी देताना पाते वाकते किंवा तडकते.

'पाणी' हा शब्द येथे जरा थांबून पाहण्यासारखा आहे. मराठीत पात्याला पाणी पाजतात, माणूस पाणीदार असतो, आणि प्रसंगी कुणाचे पाणी जोखले जाते. फारसीतला 'आब' पाणीही असतो आणि तेजही. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त खड्गलक्षणाच्या अध्यायात 'शस्त्रपान' येते: रक्त, तूप, घोडीचे वा उंटिणीचे दूध, केळीच्या राखेचे ताक, अशी पेये शस्त्राला पाजावीत. यातले तूप वाचून आजचा धातुशास्त्रज्ञही मान डोलावेल. स्निग्ध द्रवात पोलाद पाण्यापेक्षा सावकाश थंड होते आणि तडकण्याचे भय कमी होते.

भिलाईला धातुक पुरवणाऱ्या राजहरा डोंगराचा अहवाल भूशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी 1887 मध्ये दिला. पण तिकडे मैकल पर्वतराजीत अगरिया जमात मातीच्या लहान भट्ट्यांत लोखंड गाळत आली होती. व्हेरिअर एल्विन यांनी 1942 मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला, तेव्हा भट्ट्यांवरील कर, कोळशासाठी जंगलाची बंदी आणि कारखान्याचे स्वस्त लोखंड यांनी तो धंदा मोडत आणला होता. त्यांच्या भट्टीत लोहासुर, कोळशात कोयलासुर, अग्नीत अग्यासुर राहतो. त्यांच्या पुराणकथेत लोगुंडी या राजाचे आणि सूर्याचे वैर आहे. मराठी संतकाव्यातले लोखंड बहुधा परिसाची वाट पाहत असते. सोने झाल्यावाचून त्याला गती नाही. अगरियांच्या लोखंडाला सोने व्हायचे नसते. ते सूर्याशी भांडते. मध्ययुगीन रूपकांवर एवढे लिहिले गेले, पण हा फरक कुणी फारसा मनावर घेतलेला नाही.

पाणी द्यायला संध्याकाळ निवडली, कारण तापलेल्या लोखंडाचा रंग उन्हात कळत नाही. (अगरियांना हे कारण आवडले असते.) कोळशाच्या शेगडीला केस वाळवण्याच्या यंत्राचा वारा दिला. पाते लाल झाले की चुंबक जवळ न्यायचा. सुमारे 770 अंशांना लोखंड चुंबकाला ओळखेनासे होते. त्याहून थोडे वर नेऊन पाते कोमट शेंगदाणा तेलात सरळ, धार खाली करून सोडले. ज्वाळ उठली, विझली. 'टिंग' असा आवाज झाला तर चीर गेली असे समजायचे. आवाज झाला नाही. कानस लावून पाहिली तर ती काचेवरून घसरावी तशी घसरली.

अशा पात्याचा कठीणपणा ठिसूळ असतो. तो थोडा उतरवावा लागतो. पृष्ठ उजळून पाते ओव्हनमध्ये 200 अंशांवर दोन तास ठेवले. त्यावर साजूक तुपाचा पिवळा रंग आला. निळा येईपर्यंत थांबले असते तर स्प्रिंग झाली असती, सुरी नव्हे. बाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. "ओव्हन धुवायला कोण येणार?" एवढेच म्हणाल्या. महिन्याभरातले ते पहिले लांब वाक्य होते.

मूठ शिसवीची केली, आणि पात्याची शेपटी तापवून लाखेत बसवली. लाखेला छत्तीसगडात तोटा नाही. कुरुंदाच्या दगडावर धार निघाली. पाते टोकाकडे केसभर डावीकडे वळलेले राहिले, ते काढता आले नाही.

बाईंनी स्टुलावर बसून एक दुधी चिरला, सावकाश, फोडी जाड-बारीक. मग सुरी उलटी करून त्यांच्यापुढे धरली. "मूठ जाड झाली आहे. अंगठ्यापाशी घासा जरा."

ते कानस आणायला उठले.