दुखलं ते मंग

आमच्या राजापेठेत कुठल्या ना कुठल्या फ्लॅटचं फर्निचर कायम चालूच असतं. सकाळी किंचाळल्यासारखा आवाज आला की समजायचं, मिस्त्री आले. कापलं जातंय प्लाय, पण मशीन बहुतेक वेळा असते मार्बल कटर. म्हणजे फरशी कापायची मशीन, तिला दातेरी पातं लावलेलं. पुष्कळदा ती उलटी करून पाटाखाली आवळतात, पातं फटीतून वर काढतात, की झालं करवतीचं टेबल!

अशाच एका मिस्त्रीच्या डाव्या हाताची दोन बोटं पेरापासून नाहीत. एकदा चहा घेताना मी विचारलं. म्हणाला, "काय झालं मलेच समजलं नाही भाऊ. आवाज बदलला एवढं आठवते. दुखलं ते मंग."

हे "दुखलं ते मंग" माझ्या डोक्यातून जात नाही. मार्बल कटर मोकळा फिरतो तेव्हा मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतो. पातं 110 मिलिमीटरचं. हिशेब करून पाहिला, तर पात्याच्या कडेचा वेग तासाला अडीचशे किलोमीटरच्या घरात जातो. फरशीच्या पात्याला दात नसतात, ते घासत जातं. लाकडाचं पातं चावतं. लाकडाने ते दोन्ही बाजूंनी आवळलं की मशीन उसळून कारागिराच्या अंगावर येते. लाकडासाठीच्या सर्क्युलर सॉला खालून स्प्रिंगचं झाकण असतं, काप संपला की ते आपोआप बंद होतं. मार्बल कटरला ते नाही. उलटा बांधला की तर काहीच नाही. त्यात काही जण काळजी म्हणून हातमोजे घालतात! फिरत्या पात्यापाशी मोजा अडकला तर हातही आत ओढला जातो.

दुखणं हा आपला राखणदार आहे, हे अमरावतीकराला तरी नव्याने सांगायला नको. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी इथे तपोवन उभं केलं ते 1946 मध्ये. त्याच वर्षी डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरला आले. कुष्ठरुग्णांची बोटं रोगाने आपोआप झडतात, असं तेव्हा सगळे धरून चालत. ब्रँडना दिसलं ते वेगळं. वेदनाच कळत नसल्यामुळे ती माणसं भाजत, कापत, जखमेवरच काम करत राहत आणि हात असे झिजत. म्हणून तिथे सुतारकाम शिकवताना हत्यारांच्या मुठीसुद्धा बदलाव्या लागल्या. आपला हात धडधाकट असतो, पण त्या पात्यापुढे तोही तसाच बधिर. खबर पोचेपर्यंत काम झालेलं असतं.

म्हणून भाच्याने सुतारकामाचा छंद घेतला तेव्हा मी त्याला आधी हातहत्यारंच घ्यायला सांगितली. एक करवत, एक रंधा, 6, 12 आणि 25 मिलिमीटरच्या तीन पटाश्या. आठ नगांच्या स्वस्त संचाच्या मोहात पडू नकोस म्हटलं, त्यातल्या पाच गंजतात. त्याऐवजी धार लावायचा चांगला दगड घे. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ती सटकते. धारेची पटाशी ऐकते. लाकूड शिकंज्यात आवळायचं आणि दोन्ही हात धारेच्या मागे ठेवायचे. एवढं पाळूनही कधी खरचटेल, पण तिथे हात मागे घ्यायला वेळ मिळतो.

मशीन वाईट, असं नाही. दिवसाला वीस प्लाय कापणाऱ्याने करवत ओढत बसावं, हे गादीवर बसून सांगणं सोपं आहे. त्याने सर्क्युलर सॉ घ्यावा, पातं बदलण्याआधी प्लग काढावा, चष्मा लावावा. आणि मास्कही. लाकडाच्या भुशाने नाकाचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1995 मध्येच नोंदवलंय. पण ठेकेदार मार्बल कटरच हातात देतो, आणि बोट मात्र मिस्त्रीचं जातं. घरमालक म्हणून आपणही कधी विचारत नाही.

त्या मिस्त्रीची बोटं कोणीतरी थेट बर्फात टाकून नेली होती. तसं करू नये. जखम स्वच्छ कापडाने दाबून धरायची. तुटलेलं बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधायचं, ती पिशवी बर्फावर ठेवायची, आणि निघायचं. हे मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भाच्याच्या बाकाशेजारी चिकटवलंय. मोबाईल नंबरसकट.