उन्हाची बाधा

आम्हा सातारकरांचा बर्फाशी संबंध दोनच ठिकाणी: उसाच्या रसात, आणि वेण्णा तलावाकाठचे दव गोठले की वर्तमानपत्रात. सांगलीकरांचा तर रसापुरताच. म्हणून एप्रिलात मनालीला बर्फ तुडवायला निघालेले आमचे सांगलीचे मेव्हणे बेफिकीरपणे म्हणाले, "थंडी सरली, छान ऊन पडलंय. आता कसली भीती?"

शेजारी अपशिंगे मिलिटरीचे निवृत्त सुभेदार बसले होते. म्हणाले, "पाव्हणं, बर्फाला उन्हाचीच बाधा. दुपारी वितळलेलं पाणी आत मुरतं, थरांची पकड सुटती. उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असला, की अख्खी चादर खाली येती. चालायचं ते पहाटं. रात्रीत गोठून घट्ट झालेलं असतंय."

पहाटे उठणे हेच मेव्हण्यांना मोठे संकट. त्यांनी थट्टेसाठी तोंड उघडले, पण सुभेदार गप्प झाले होते. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमध्ये भर थंडीत चौकीवर हिमकडा कोसळला आणि १० जवान गेले. त्यांतला एक आमच्या माण तालुक्यातला. जन्म पाण्याची वाट पाहणाऱ्या दुष्काळी मुलखात, आणि मरण गोठलेल्या पाण्याखाली!

मेव्हण्यांनी निमूटपणे विचारले, "पहाटे म्हणजे किती वाजता, सुभेदारसाहेब?"