आपला आज्ञाधारक

परवा अभ्यासिकेत एका मुलीने तिच्या एसओपीचा कागद पुढे केला. परदेशात शिकायला जायचं तर विद्यापीठाला हा निबंध द्यावा लागतो. मी कोण, मला हेच का शिकायचंय आणि तुम्ही मलाच का घ्यावं, हे सांगणारा. तिचं पहिलं वाक्य होतं, माझा जन्म एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. शेवटचं होतं, तरी मला एक संधी द्यावी ही नम्र विनंती. मधलं दीड पान मोबाईलने लिहून दिलेलं इंग्रजी. गुळगुळीत, कुणाच्याही नावावर खपेल असं.

तिला काय बोलणार? आपण सगळे हेच शिकलो. 'महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करतो की...' आणि खाली 'आपला आज्ञाधारक'. निबंध म्हणजे 'मी पक्षी झालो तर', नाहीतर 'विज्ञान : शाप की वरदान'. या दुसऱ्यात निदान वादाला जागा होती, पण तिथेही मार्क मिळायचे ते दोन्ही बाजू सारख्या मांडून शेवटी सुविचार टाकला की. तुझं मत काय आणि ते कशावरून, हे दहावीपर्यंत मला तरी कुणी विचारलं नाही.

पुढे स्पर्धा परीक्षांतही तेच. एमपीएससीची राज्यसेवा मुख्य परीक्षा कितीतरी वर्षं बहुतांश गोल रंगवण्याची होती. ती वर्णनात्मक करायचं ठरलं तेव्हा 2023 च्या सुरुवातीला पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली आणि आयोगाला बदल 2025 वर न्यावा लागला. तेव्हा त्यांना 'कष्ट नकोत यांना' म्हणणारे बरेच होते. अरे, ज्याला कधी लिहायला शिकवलंच नाही त्याला एकदम 'टीकात्मक परीक्षण करा' म्हटल्यावर तो घाबरणारच ना?

शिष्यवृत्तीचंही तसंच आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती चांगली योजना आहे, फी सरकार भरतं. पण त्याआधी तिकडच्या विद्यापीठाचा प्रवेश हातात लागतो आणि त्या दारावर हा एसओपी उभा आहे. शहरातली मुलं कन्सल्टंटला पैसे मोजतात. आमच्याकडची मुलं माझ्यासारख्याला शोधतात.

आणि इथे मला माझं एक सांगितलं पाहिजे. चार वर्षांपूर्वी एका मुलाचा निबंध मीच लिहून दिला होता. झकास लिहिला होता. गावातल्या जलसंधारणावर एक परिच्छेद, त्यात लोकसहभाग, संस्थात्मक चौकट वगैरे. ऑनलाइन मुलाखतीत त्याला नेमकं त्याबद्दलच विचारलं. संस्थात्मक चौकट म्हणजे तुमच्या गावात नक्की काय होतं? पोरगा गप्प बसला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "सर, ते वाक्य तुमचं होतं."

त्याचा प्रवेश झाला नाही. आजही तो भेटतो, चहा घेतो. त्या विषयावर आम्ही बोलत नाही. आता मी कुणालाही एक ओळ लिहून देत नाही, फक्त प्रश्न विचारतो.

तर या मुलीला विचारत बसलो. घरी काय करतेस? दोन गाईंचं दूध डेअरीला घालते. आणि? हिशोब ठेवते. कसला? तर सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ, दर. चौदा महिन्यांची वही. का ठेवलीस? म्हणाली, "संकलन केंद्रावर नवीन मशीन आलं आणि आमची फॅट घसरली. बाबा म्हणाले गाईच तशा. मला पटलं नाही."

साडेतीन फॅटच्या खाली दूध उतरलं की दर कापला जातो, त्यामुळे हा काही छंद नव्हता. घरातल्या पैशाचा प्रश्न होता. आणि एवढं सगळं तिच्या कागदावर एका ओळीत होतं, मला आकडेमोडीची आवड आहे!

म्हटलं, हेच लिही. पण डेअरीवाला काय म्हणेल तेही लिही. तिला लगेच सुचलं : "पावसाळ्यात हिरवा चारा जास्त, फॅट कमी लागणारच." मग यावर तुझं उत्तर काय? दोन दिवसांनी ती शेजारच्या दोन घरांची दुधाची पुस्तकं घेऊन आली. त्यांतल्या एका घराचं दूध दुसऱ्या केंद्रावर जातं. चारा तोच, पाऊस तोच, पण तिथली फॅट घसरलेली नाही. यावरून मशीन चुकीचंच आहे असं म्हणता येईल का? नाही, म्हणाली, तपासणी मागता येईल एवढं नक्की. तिला संख्याशास्त्र शिकायचंय. ते का, हे त्यानंतर मी विचारलंच नाही.

अडचण वेगळीच निघाली. "सर, स्वतःबद्दल एवढं लिहिणं बढाई वाटते." मग तिला महात्मा फुल्यांचं 1882 चं हंटर आयोगापुढचं निवेदन वाचायला दिलं. सुरुवातीलाच जोतीराव सांगतात की आपला अनुभव पुणे आणि आसपासच्या गावांपुरता आहे, आणि त्यात आपण मुलींची शाळा काढली. आधी मर्यादा, मग काम. नंतर मुद्दा : महसूल रयतेच्या घामातून येतो, तर शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांकडे का जातो? आणि त्यापुढे नेमकी मागणी, किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण. समोर इंग्रज सरकारचा आयोग असताना माणूस स्वतःच्या पायावर उभा राहून बोलतोय.

ती दोनदा वाचून आली. नवीन कागदात गरीब हा शब्द नाही, दोन गाई आहेत. इंग्रजी थोडं ओबडधोबड आहे, तसंच राहू दिलंय. गेल्या मंगळवारी अर्ज गेला.

आणखी तिघांनी विचारलंय म्हणून इथेच सांगतो. रविवारी सकाळी दहापासून मी अभ्यासिकेत असतो. मोबाईलवर तयार करून आणू नका. घरात कुणाची हिशोबाची वही असेल, दुकानाची, बचतगटाची, कसलीही, ती घेऊन या.