झिजण्यातून घडलेल्या कमानी

अमेरिकेच्या युटा राज्यातील मोआब गावाच्या उत्तरेस सुमारे ८ किलोमीटरवर आर्चेस राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार लागते. उद्यान म्हणताच हिरवळ आणि फुलझाडे डोळ्यांसमोर येतात. येथे मात्र तांबडा वालुकाश्म, खुरटी झुडपे आणि अफाट आकाश यांचेच राज्य आहे. या मरुभूमीत २,००० हून अधिक नैसर्गिक कमानी आहेत. १९२९ साली हा परिसर संरक्षित झाला आणि १९७१ मध्ये त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी येथे समुद्र होता. तो वारंवार आटला आणि मिठाचे जाड थर मागे राहिले. त्यांवर गाळ व वाळू साचून खडक बनले. त्या भाराने खालचे मीठ सरकले, फुगले, आणि वरच्या खडकास समांतर भेगा पडल्या. भेगांत शिरलेले पाणी हिवाळ्यात गोठून प्रसरण पावले. कण कण निखळत खडकाच्या उंच, अरुंद भिंती उरल्या आणि पुढे त्यांनाच आरपार झरोके पडले.

पदभ्रमणाचा आरंभ सकाळच्या गारव्यात 'डेव्हिल्स गार्डन' भागातून करणे हितावह. जाऊन-येऊन ३ किलोमीटरच्या वाटेवर 'लँडस्केप आर्च' दिसते. सुमारे ९३ मीटर लांबीची ही कमान मध्यावर इतकी बारीक आहे की पाहणाऱ्याचा श्वास रोखला जातो. सप्टेंबर १९९१ मध्ये तिच्यापासून सुमारे १८ मीटर लांबीची शिळा निखळली. खाली विसावलेले पर्यटक आवाजाने सावध होऊन पळाले, म्हणून वाचले. आता कमानीखालची वाट बंद आहे. त्याच परिसरातील 'वॉल आर्च' ऑगस्ट २००८ मध्ये एका रात्री कोसळली.

वाटेलगतची काळपट, खडबडीत माती निर्जीव भासते, परंतु ती सजीव आहे. सूक्ष्म जीवाणू, शैवाक आणि शेवाळ यांनी वाळूचे कण बांधून धरलेले असतात. ही साय पाणी राखते, जमीन वाऱ्याने उडू देत नाही आणि झुडपांना नत्र पुरवते. एका पावलाने मोडलेली साय सावरण्यास कित्येक दशके लागतात. म्हणून आखलेली वाट किंवा उघडा खडक यांवरूनच चालावे.

उद्यानात उपाहारगृह नाही. शिदोरी बरोबर घ्यावी आणि माणशी किमान ४ लिटर पाणी ठेवावे. दुपारचे ऊन टाळून तिसऱ्या प्रहरी 'डेलिकेट आर्च'कडे निघावे. पायथ्याशी जॉन वेस्ली वुल्फ यांची लाकडी झोपडी आहे. यादवी युद्धात जखमी झालेला हा सैनिक १८९८ साली मुलासह येथे वस्तीस आला. जवळच्या खडकावर यूट आदिवासींनी कोरलेले घोडेस्वार आहेत. पुढे उघड्या कातळाचा चढ असून सावली कोठेही नाही. जाऊन-येऊन सुमारे ५ किलोमीटर चालावे लागते. शेवटी कड्याचे वळण ओलांडताच एकाकी कमान समोर उभी राहते. मावळतीच्या किरणांत ती तांबूस उजळते आणि जमलेली माणसे आपोआप हळू आवाजात बोलू लागतात.

हीदेखील कधीतरी पडेल. ते थांबविणे कोणाच्या हाती नाही. वाटेवरची माती राखणे मात्र चालणाऱ्या प्रत्येकाच्या हाती आहे.