हातभर माती

दिवाळीला आठवडा राहिला, की आमच्या दारावर एक शिष्टमंडळ येते. दुसरीपासून सातवीपर्यंतच्या सर्व इयत्तांचे प्रतिनिधी त्यात असतात. एकाच्या हातात कान तुटलेले घमेले, दुसऱ्याच्या हातात आईच्या कुंड्यांतले खुरपे, आणि सर्वांच्या मागे एखादी चिमुरडी मावळ्यांची पिशवी छातीशी घट्ट धरून उभी. मागणी दरवर्षी एकच असते, "आजोबा, किल्ल्याला माती पाहिजे."

मुंबईत काय मिळत नाही? रात्री अकरा वाजता खरवस मिळतो, भर मे महिन्यात बर्फाच्या गोळ्यावर सतरा रंग मिळतात. पण घमेलेभर माती मागा, आणि पाहा कशी पंचाईत होते ती! आमच्या इमारतीच्या अंगणात फरशी आहे, मोटारी ठेवतात तिथे काँक्रीट आहे, पदपथावर लाल-करडे ठोकळे आहेत. सबंध गल्लीत उघडी माती म्हणावी अशी जागा एकच: फाटकाबाहेरच्या बकुळीच्या बुडाशी असलेली हातभर माती. मुलांचा डोळा त्या मातीवर असतो, आणि माझा मुलांवर.

"तेवढी सोडून कुठलीही घ्या," असे मी सांगतो. कुठलीही म्हणजे कुठली, हे त्यांनाही ठाऊक नसते आणि मलाही. मुले हिरमुसून जिना उतरतात. आमची सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणते, "काय बाई तरी तुमचा कंजूषपणा! मातीचासुद्धा?" गल्लीत नव्याने राहायला आलेली मंडळी तर मला त्या बकुळीचा बिनपगारी रखवालदारच समजतात. मी कधी कोणाला कारण सांगितले नाही. यंदा सांगून टाकावे म्हणतो. सणासुदीला घरातली जळमटे काढतात, तसे मनातले एखादे जळमटही काढायला हरकत नाही.

बकुळ उभी आहे त्या जागी पूर्वी एक रेन ट्री होता. रेन ट्री म्हणजे आपला विलायती शिरीष. मूळचा अमेरिका खंडातल्या उष्ण मुलखातला. पण मुंबईत इतका रुळला की शिवाजी पार्काभोवतीचा रस्ता त्याच्यावाचून डोळ्यांपुढे आणता येत नाही. आमचा वृक्ष एकटाच सबंध गल्लीवर छत्री धरून उभा असे. संध्याकाळ झाली किंवा आभाळ भरून आले, की तो आपली पाने मिटून घेई. मी शाळेत विज्ञान शिकवीत असे. सातवीच्या वर्गाला दरवर्षी या झाडाखाली आणून मी ती मिटलेली पाने दाखवी, आणि वर्गात परत गेल्यावर फळ्यावर लिही: 'मुळे मातीतील हवेतून प्राणवायू घेतात.' दोन गुणांचा प्रश्न. हमखास येणारा.

२०११ साली मी सेवानिवृत्त झालो. हातात वेळ आला, आणि निवृत्त माणसाला चढते तशी समाजसेवेची हुक्की मला चढली. त्या झाडासाठी काहीतरी करावे असे फार वाटू लागले. आमच्या गावी देवळापुढच्या पिंपळाला पार होता. त्या पारावर मी पाढे म्हटले होते, मार खाल्ला होता, वडिलांच्या पाठीमागे लपून किर्तने ऐकली होती. आपल्या गल्लीतही असाच एक पार का असू नये? मी वर्गणी गोळा केली, गवंडी बोलावला. चार दिवसांत झाडाभोवती कमरेइतका चौरस पार उभा राहिला. विटा, सिमेंट, वर काळाकुळकुळीत कडाप्पा. कडाप्पा आणि बुंधा यांच्यामध्ये जी बोटभर फट राहिली होती, तीसुद्धा मी सिमेंटने बुजवून घेतली. म्हटले, तिथे शेंगदाण्याची टरफले साचतील!

पावसाळ्याच्या तोंडाशी रस्त्यावरच्या झाडांच्या फांद्या छाटतात. त्या कामावर देखरेख करायला आलेले माळीदादा माझ्या ओळखीचे होते. गावी त्यांच्या आंबा-काजूच्या बागा. इथे हयात गेली दुसऱ्यांच्या झाडांत. त्यांनी पाराला एक फेरी मारली, कडाप्प्यावर हात फिरवला आणि हळूच म्हणाले, "सर, झाडाला सदरा छान शिवलात. पण गळ्याचं बटण फार घट्ट लावलंत."

मी हसलो. "अहो, गावोगावच्या पिंपळांना पार असतातच की!"

"असतात ना. पण तिथं दगड नुसते रचलेले असतात. मध्ये माती असते, चार बाजूंनी मोकळं रान असतं. पाणी मुरतं, वारा खेळतो. इथं एका अंगाला इमारतीचा पाया, दुसऱ्या अंगाला डांबर. होती ती एवढीच माती." त्यांनी हाताने कोपरापर्यंतचे माप दाखवले. "मुळांनासुद्धा श्वास लागतो, सर."

ज्या माणसाने हे वाक्य तीस वर्षे फळ्यावर लिहिले, त्याला ते त्या दिवशी ऐकू आले नाही. शिकवणे आणि शिकणे यांत एवढे अंतर असू शकते, हे मला फार उशिरा कळले.

पार मात्र लोकप्रिय झाला. सकाळी वर्तमानपत्रे, दुपारी भाजीवालीची विश्रांती, संध्याकाळी आम्हा म्हाताऱ्यांची संसद, कोजागिरीला मसाल्याचे दूध. २०१३ साली राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतल्या झाडांभोवतीचे सिमेंट उखडून बुंध्यापासून मीटरभर जागा मोकळी करायला सांगितले, ती बातमी मी त्याच पारावर बसून मोठ्याने वाचून दाखवली होती! "दिल्लीकरांना एवढीही अक्कल नाही," असे कोणीतरी म्हणाले. बहुधा मीच.

पुढे एका पावसाळ्यानंतर पाराला एक उभी चीर पडली. मी गवंड्याला बोलावून ती भरून घेतली. दोन वर्षांनी तिथेच पुन्हा पडली, पुन्हा भरली. शेंड्याकडच्या काही फांद्या वाळल्या होत्या, सावली विरळ झाली होती. झाडाचेही वय झाले, असे आम्ही म्हणालो. आपली वये झाली की माणसाला सर्वांचीच झालेली दिसतात.

५ ऑगस्ट २०२० या दिवशी मुंबईवर जो वारा सुटला, तो ज्यांनी ऐकला ते विसरणार नाहीत. कुलाब्याच्या वेधशाळेत त्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला होता. टाळेबंदीचे दिवस, सगळे घरातच होते. संध्याकाळी एक लांबलचक करकर ऐकू आली, मग घरावरून गाडी गेल्यासारखा आवाज, आणि मग खिडकीतून एकदम पुष्कळ उजेड आत आला. त्या उजेडाने मला जे सांगायचे ते सांगितले. सुदैवाने रस्त्यावर कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी खाली उतरलो. पार फुटून आडवा झाला होता आणि झाडाचे बूड आकाशाकडे तोंड करून उघडे पडले होते. रस्त्याच्या बाजूची जाड मुळे पूर्वी कसल्याशा तारांसाठी खणलेल्या चरात तुटलेली. त्यांची टोके काळी पडली होती. आणि पाराच्या आत राहिलेली मुळे? बाहेर वाट न मिळाल्याने ती पाराच्या भिंतीला आतून चौरस वळसे घालीत फिरली होती. झाडाची मुळे चौकोनी झालेली मी आयुष्यात प्रथमच पाहिली. ती चीर कशाने पडत होती, ते तेव्हा समजले.

त्या दिवशी शहरात अनेक झाडे पडली. ज्यांना पार नव्हते, तीही पडली. तेव्हा दोष माझाच, असे कोणी म्हणणार नाही आणि कोणी म्हटलेही नाही. पण २०१८ च्या गणनेत मुंबईत २९ लाख ७५ हजारांच्या वर झाडे मोजली होती, त्यांतून एक वजा करण्यात माझ्या वर्गणीचा वाटा आहे, हे मी स्वतःपासून कसे लपवू?

टाळेबंदी सैल झाल्यावर मी सकाळी शिवाजी पार्कवर फिरायला जाऊ लागलो. एका सकाळी कट्ट्यापाशी माळीदादा भेटले. ते आता निवृत्त झाले होते, पण पाय त्यांना मैदानाकडेच आणीत. मी झाडाची हकीकत सांगितली. "बटण घट्ट होतं," एवढे म्हणून ते गप्प राहिले. आणि मग विषय बदलावा म्हणून की काय, मैदानाविषयी बोलू लागले. त्यानंतर कित्येक सकाळी मी त्यांचा विद्यार्थी होतो.

मैदान म्हणजे रिकामी जागा, असे मी समजत होतो. हे रिकामपण राखावे लागते, हे त्यांनी मला दाखवले. १८९६ च्या प्लेगने मुंबईला दाटीवाटीचा धडा शिकवला. १८९८ साली नगरसुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याकडे रुंद रस्त्यांच्या, हवेशीर वस्त्या आखल्या गेल्या. शिवाजी पार्क १९२५ साली खुले झाले, तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. आजचे नाव १९२७ साली मिळाले. त्या अठ्ठावीस एकरांवर क्रिकेट होते, दसऱ्याचे मेळावे होतात, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा जनसागर तिथे विसावतो. प्रत्येक वेळी मांडवाच्या खुंट्या निघतात आणि भोके उरतात. ती भरायची, माती टाकायची, पाणी मारायचे, रोलर फिरवायचा. की पुन्हा कोणीतरी खुंट्या घेऊन हजर! गवत लावावे तर हजारो पावले ते तुडवणार. न लावावे तर समुद्राकडून वारा आला की लाल धूळ उठून आसपासच्या घरांत शिरणार. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी माळ्याने उभे राहायचे.

"खेळपट्टीची माती दाबायची," माळीदादा म्हणत, "आणि झाडाची मोकळी ठेवायची. माती तीच. कुठं काय करायचं, ते कळलं की नोकरी आली."

पावसाळ्यातली कांगा लीग १९४८ पासूनची. ओल्या, न झाकलेल्या खेळपट्टीवर फलंदाजाची परीक्षा घेणारी. माळ्याची परीक्षा त्या आधीच होऊन गेलेली असते, पण तिचा धावफलक कोणी लावीत नाही. समुद्रकाठच्या झाडांचेही तसेच. खाऱ्या वाऱ्याने कोवळी पालवी करपते, म्हणून किनाऱ्याला उंडी, करंज, परसपिंपळ अशी सोसणारी झाडे निवडायची. माडांच्या वाळक्या झावळ्या आणि नारळ पावसाआधी उतरवायचे, नाहीतर ते कोणाच्या डोक्यावर उतरतील. फांद्या छाटताना एका बाजूच्याच छाटल्या, तर तोल जातो. मलबार टेकडीवरची फिरोजशहा मेहता बाग तर १८८१ पासून पाण्याच्या टाकीच्या डोक्यावर आहे. तिथे मातीचा थर तो किती असणार! पण तेवढ्यातही हिरवळ जगते, कुंपणझुडपांचे हत्ती-घोडे उभे राहतात. कारण त्या थराचे मोल रोज जाणणारे कोणी ना कोणी तिथे असते. माती थोडी असली तर चालते. ती कोणीतरी ओळखीची मात्र असावी लागते.

२०२१ च्या पावसात आमच्या फाटकाबाहेर बकुळ लावली गेली. रोप पाहायला माळीदादा मुद्दाम आले. त्यांनी बुंध्याभोवती हातभर मोजले आणि मला म्हणाले, "सर, एवढी सांभाळा. पाणी कोणीही घालील. सांभाळायची ती मोकळी जागा." बकुळ सावकाश वाढणारी. तिच्या सावलीत माझी संसद भरायची नाही, हे मला ठाऊक आहे. पण मी तिच्या बुडाशी काही बांधू दिलेले नाही. मागे आमच्या सभेत शोभेसाठी तिथे फरशी बसवण्याचा ठराव आला होता. मी एकटाच विरुद्ध उभा राहिलो, आणि 'पार बांधणारे सर तुम्हीच ना?' या प्रश्नाला 'होय, म्हणूनच,' एवढेच उत्तर दिले. ठराव बारगळला.

यंदा शिष्टमंडळ आले तेव्हा मात्र मी त्यांना हिरमुसून जाऊ दिले नाही. त्यांच्याबरोबर खाली उतरलो, आणि त्यांना ही सगळी गोष्ट सांगितली, चौकोनी मुळांसकट. मुले गंभीर झाली. मग आम्ही सगळे मिळून रोपवाटिकेत गेलो आणि दोन पोती लाल माती विकत आणली. मातीला पैसे पडतात, हे कळल्यावर तिच्याकडे पाहण्याची त्यांची नजरच बदलली! जिन्याखाली सिंहगड उभा राहत आहे. बुरूज थोडा पश्चिमेकडे झुकला आहे. समुद्राचा वारा असेल.

काल त्यातल्या सर्वांत लहान किल्लेदारणीने मला विचारले, "आजोबा, दिवाळी संपली की ही माती बकुळीला देऊ या?"

"देऊ या," मी म्हणालो. "पण पातळ पसरायची हं. बुंध्याला टेकवायची नाही."

"का?"

मी फळ्यावरचे वाक्य सांगणार होतो. पण तेवढ्यात तिने स्वतःच आपल्या फ्रॉकचे गळ्याचे बटण काढले, एक मोठा श्वास घेतला, आणि कळले अशा अर्थी मान हलवली.